ओळंब्याचे शनिवार-रविवार

लिफ्ट अडकली की माणसं आधी सगळी बटणं दाबतात, मग दार बडवतात, मग एकमेकांवर ओरडतात आणि सगळ्यात शेवटी आम्हाला फोन करतात. तो फोन मी उचलायचे. एकवीस वर्षं उचलला. पत्ता लिहून घ्यायचा, आत किती माणसं आहेत, कुणाला दमा वगैरे आहे का ते विचारायचं आणि चार मिस्त्र्यांपैकी जो जवळपास असेल त्याला पाठवायचं. पण आत लहान मूल असेल किंवा फोनवरचा आवाज थरथरत असेल, तर मी जवळ-लांब न बघता ओळंब्यालाच पाठवायचे.

ओळंबा हे त्याचं नाव नव्हे. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतात, तो ओळंबा. लिफ्टचे रूळ बसवतानाही तसाच सोडावा लागतो. हा माणूस सहा फूट उंच, काटकुळा, चालताना मान न हलवणारा, बोलणंही सरळसोट. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण चिकटलं ते चिकटलंच. मी त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. तो मला ताई म्हणायचा, मी त्याला अरेतुरे करायचे.

अडकलेल्या लिफ्टपाशी पोचला की तो दाराच्या फटीला तोंड लावून बोलायचा. "मी आलोय. लिफ्ट पडणार नाही. खाली बसून घ्या. चपला काढा, पाय मोकळे करा." चपला काढल्याने काय होतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं, पण माणसं वाकून बक्कल सोडायला लागली की घाबरायचं विसरायची. मग तो वर यंत्राच्या खोलीत जायचा, वीज बंद करायचा, ब्रेक सैल करून चाक हाताने फिरवायचा आणि लिफ्ट इंचाइंचाने मजल्याला आणून दार उघडायचा. सुटलेली माणसं दुसऱ्या दिवशी मला फोन करून त्याची चौकशी करायची. असा माणूस स्वतःच्या बायकोशी दोन शब्द धड का बोलू शकत नव्हता, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही.

त्याची बायको दातांच्या कामात होती. दवाखान्यांतून मापं यायची, त्यावरून ही कवळ्या आणि कॅप बनवायची. हात अतिशय नाजूक, जीभ तितकीच धारदार. दोघांतलं कुणी दारू पीत नव्हतं, कुणाचं बाहेर काही नव्हतं, कुणी कुणावर हात उगारला नव्हता. घटस्फोट म्हटला की लोकांना कारण लागतं. इथे चारचौघांत सांगावं असं कारणच नव्हतं. शेवटचा शब्द दोघांनाही आपलाच हवा असायचा, एवढंच. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून सुरू झालेलं भांडण तीन दिवस चालायचं आणि चौथ्या दिवशी खिडकी राहायची बाजूला, विषय एकमेकांच्या आईबापांपर्यंत गेलेला असायचा. शेवटी तिला समुद्रावरच्या शहरात नोकरी मिळाली आणि ती गेली. जाताना मुलीला घेऊन गेली. हा जाऊन मुलीला परत घेऊन आला. ती येऊन पुन्हा घेऊन गेली. आठ महिन्यांत पोरीच्या तीन शाळा झाल्या.

पोरगी तेव्हा नऊ वर्षांची. बाप तिला ठकी म्हणायचा, लाकडी बाहुलीला म्हणतात तसं. लहानपणी ती तशीच गोल डोळ्यांची आणि गप्प होती म्हणे. प्रकरण कोर्टात गेलं. दोघांचं ऐकून ऐकून न्यायाधीशबाई बहुधा दमल्या असाव्यात. त्यांनी तोडगा काढला: दोन्ही शहरांच्या बरोबर मध्ये एका गावात वसतिगृहाची चांगली शाळा आहे, मुलगी तिथे राहील, शनिवार-रविवारी कुणाकडे जायचं ते मुलीच्या मनावर. दर गुरुवारी संध्याकाळी तिने अधीक्षकबाईंना सांगायचं, शुक्रवारी दुपारी त्या तिला त्या बाजूच्या बसमध्ये बसवून देतील.

कागदावर हे फार शहाणपणाचं दिसत होतं. नऊ वर्षांच्या पोरीला दर गुरुवारी आई की बाप हे ठरवायला लावलंय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी तर म्हटलं होतं, "बरं झालं बाबा, सुटलास कटकटीतून."

आता या दोन शहरांबद्दल सांगायला हवं. आमचं नदीवरचं, ते समुद्रावरचं. मध्ये बसने चार तासांचं अंतर आणि कित्येक पिढ्यांची चढाओढ. "त्यांच्याकडे समुद्र आहे, पण नळाला पाणी नाही," असं आमच्याकडे म्हणतात. "त्यांच्याकडे नदी आहे, पण तिच्यात पाय घालून दाखवा," असं ते म्हणतात. तिकडचा माणूस इकडे आला की आमच्या धुराला नाक मुरडतो. इकडचा तिकडे गेला की घामाने चिकचिकून परत येतो आणि म्हणतो, दोन दिवस ठीक आहे हो, राहणार कोण तिथे? दर वर्षी सुट्ट्यांच्या तोंडावर आमच्या वर्तमानपत्राची पुरवणी एक लेख छापायची: हातात दोनच दिवस असतील तर कुठे जाल? डावीकडे आमचं शहर, उजवीकडे ते. फिरणं, खाणं, राहणं, मुलांची करमणूक, प्रत्येकाला दहापैकी गुण. त्यावरून ऑफिसात दोन दिवस हमरीतुमरी चालायची. बाकी सगळ्यात आम्ही त्यांच्या नाकावर टिच्चून असायचो, पण मुलांच्या करमणुकीत दर वर्षी मार खायचो. त्यांना नऊ, आम्हाला सहा.

ओळंब्याने ही पुरवणी जन्मात उघडली नव्हती. त्या वर्षी त्याने ती माझ्याकडून मागून घेतली, लेख कापला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

पहिलं वर्षभर पोरीने अगदी तराजूने मोजल्यासारखं केलं. एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे. पण बाप बसस्थानकावर तिची पिशवी हातात घेतानाच पहिला प्रश्न विचारायचा, "मागच्या आठवड्यात तिकडे काय काय केलं?" आणि आई तिकडच्या स्थानकावर हेच विचारायची. पोरीने इकडे सांगितलं, आईने दीपगृह दाखवलं. झालं. पुढच्या खेपेला बापाने सकाळी नऊला तारांगण, अकराला जुन्या इंजिनांचं संग्रहालय आणि दुपारी शहरातल्या सगळ्यात उंच मनोऱ्यावर असा बेत आखला. मीच त्याला पुरवणीतली कात्रणं द्यायचे. "ताई, आणखी काय आहे हो आपल्याकडे?" तो विचारायचा. जन्म या शहरात गेला, पण आपल्या शहरात बघण्यासारखं काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. तसं ते कुणालाच नसतं.

मी बागेतल्या चक्रव्यूहाचं कात्रण दिलं. कठपुतळ्यांच्या खेळाचं दिलं. मला वाटत होतं मी पुण्य करतेय.

अडचण अशी की चार मिस्त्री, त्यातला एक कायम रजेवर, आणि लिफ्टला शनिवार-रविवार कळत नाही. इस्पितळातली लिफ्ट स्ट्रेचरसकट अडकली म्हणून फोन आला की ओळंब्याला जावंच लागायचं. मग तो पोरीला माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर बसवायचा. "तासाभरात येतो ठकी. मग तारांगण." तास म्हणजे तीन तास. निम्मे शनिवार तिने त्या बाकावर काढले असतील. मला ती आत्या म्हणायची. बाप ताई म्हणतो म्हणजे ओघाने आत्याच. वही काढून गणितं करायची. फोन वाजला की माझ्याकडे बघायची, आत किती माणसं आहेत ते माझ्या बोलण्यावरून ओळखायची.

एकदा तिने मान वर न करता विचारलं, "आत्या, तुम्ही कधी समुद्रात बोटीने गेलात?"

"गेले की. लग्नानंतर गेलो होतो आम्ही."

"कसं असतं?"

मला काय, वेळ होता. मी सांगितलं. की बोट सुटताना दोर पाण्यात पडतो आणि माणूस तो हाताने भराभर ओढून घेतो. की बाकं ओली असतात म्हणून खाली पुठ्ठा घेऊन बसलेलं बरं. की माझ्या नवऱ्याची टोपी उडाली आणि मागच्या बोटीतल्या माणसाने ती काठीने उचलून दिली. ती मन लावून ऐकत होती. मधे एकदा म्हणाली, "टोपी कुठल्या रंगाची होती?" मी म्हटलं, "निळी."

तीन आठवड्यांनी ओळंबा आला तो तणतणत. "ताई, तिने पोरीला बोटीतून नेलं. भर वाऱ्यात! पोरीची टोपी उडाली, निळी, ती कुणीतरी काठीने काढून दिली. पोरगी पडली असती म्हणजे?"

मी फोनच्या वहीत मान घातली. 

पुढच्या शनिवारी तिला एकटीला गाठून विचारलं, "ठकी, तू बोटीत बसली होतीस?"

तिने जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. "नाही."

"मग बाबांना तसं का सांगितलंस?"

"काहीच केलं नाही म्हटलं की बाबा आईला फोन करतात, पोरीला घरात कोंडून ठेवतेस म्हणून. मग आई रडते. आणि खूप मजा केली म्हटलं की बाबा नुसते गप्प बसतात." थोडा वेळ पेन्सिलला टोक करत बसली, मग म्हणाली, "गप्प बसलेलं बरं असतं."

"आणि आईला इकडचं काय सांगतेस?"

"तारांगण," ती म्हणाली. "तिथे मी खरंच एकदा गेले होते. म्हणून ते पुष्कळ वेळा सांगता येतं."

आता कुणी विचारेल, तू मोठी बाई, तू का गप्प बसलीस? मी माझ्या मनाला सांगितलं की दोघांच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये. खरं कारण वेगळं होतं. पोरीने काढलेली वाट चालत होती. ओळंबा आदळआपट करायचा, पण कात्रणं घेऊन जायचा. फोनवरची भांडणं थांबली होती. मीही मूग गिळून बसले.

ती अकरा वर्षांची झाली तेव्हा तिकडे जास्त जायला लागली. तिच्या आईची तब्येत त्या सुमाराला ठीक नसायची, हे आम्हाला पुढे कळलं. ओळंब्याला एवढंच दिसलं की तीन आठवडे सलग पोरीने समुद्राची बस धरली. फोनवर विचारलं तर म्हणाली, मत्स्यालय बघायला गेलो होतो. तिन्ही वेळा मत्स्यालय. एवढं काय आहे त्या मत्स्यालयात, हा प्रश्न त्याच्या डोक्यात असा अडकला की कामात चुका व्हायला लागल्या. लिफ्टच्या दाराचं कुलूप बदलायला गेला आणि जुनंच पुन्हा लावून आला, असंही झालं.

चौथ्या शनिवारी त्याने तब्येतीचं कारण सांगून रजा घेतली आणि पहाटेची बस पकडून त्या शहरात गेला. चाळिशीतला माणूस, जन्मात पहिल्यांदा ते शहर बघणार होता. मुलीला आणायला गेला होता तेव्हा स्थानकाबाहेर पडलाच नव्हता.

जे घडलं ते त्याने मला सोमवारी सांगितलं, उभ्याउभ्याच, जाकीट न काढता.

आधी तो समुद्राच्या कडेने चालला. पुरवणीत त्या रस्त्याचं भारी कौतुक असायचं. "फरशा उखडल्यात ताई, आणि बाकांवर पक्ष्यांची घाण. आपला नदीकाठ परवडला." मग दीपगृहापाशी गेला. आत जायची रांग बघून म्हणाला, वर जायला लिफ्टसुद्धा नाही, दोनशे पायऱ्या. मग विचारत विचारत मत्स्यालयाशी पोचला. दाराला पत्रे ठोकलेले होते. बाहेरच्या रखवालदाराला त्याने विचारलं, कधी उघडतं?

रखवालदार हसला. "साहेब, दोन वर्षं झाली बंद होऊन. टाक्या फुटल्या, मासे दुसरीकडे हलवले. रोज कुणीतरी येतं आणि परत जातं."

तिथून तो बायकोच्या कामाच्या जागी गेला. पत्ता कोर्टाच्या कागदांत होता. तळमजल्यावर काचेची खिडकी, आत लांब टेबल, टेबलावर ओळीने प्लास्टरचे जबडे. बायको चष्मा लावून, ज्योतीवर काहीतरी तापवत बसली होती. शेजारी उंच स्टुलावर पोरगी. तिला खोकं दिलं होतं. ती त्यातून खोटे दात काढून रंगाप्रमाणे वेगवेगळ्या वाट्यांत टाकत होती. पांढरे, पिवळसर, आणखी पिवळसर. हा समोरच्या फुटपाथवर, टपरीच्या आडोशाला अर्धा तास उभा राहिला. तेवढ्या वेळात मायलेकी दोनदाच एकमेकींशी बोलल्या, आणि दोन्ही वेळा पोरगी हसली.

हे शेवटचं वाक्य त्याने सांगितलं, पण ते त्याच्या स्वतःच्या कानात शिरलंच नाही. त्याचा चेहरा उजळला होता. किती दिवसांनी मी त्याला असं बघत होते.

"ताई, काही नाही तिथे! मत्स्यालय नाही, बोट नाही, काही नाही. पोरीला कामाला जुंपलंय तिने. आणि पोरगी मला सांगते काय, तर शार्क बघितला!"

"आणि इथे ती काय करते रे?" मी विचारलं. "या बाकावर बसून?"

"ते वेगळं. ते माझं काम निघतं म्हणून."

"तिचंही कामच होतं."

त्याने माझ्याकडे बघितलं. सरळ माणूस, सरळच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का हे?"

खोटं बोलायची सवय मला नव्हती. गप्प बसायची होती. पण प्रश्न समोरून आला तेव्हा गप्प बसणं म्हणजे हो म्हणण्यासारखंच होतं. मी बोटीची गोष्ट सांगितली, टोपीचीही. पोरगी काय म्हणाली तेही शब्दन् शब्द सांगितलं. मला वाटलं, पोरीचे ते शब्द ऐकून तरी तो खाली बसेल. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही दोघींनी मिळून मला खुळ्यात काढलं," आणि हत्यारांची पिशवी उचलून निघून गेला. त्यानंतर वर्षभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. हो ताई, नाही ताई, पत्ता द्या.

पुढच्या शुक्रवारी पोरगी इकडे आली. त्या संध्याकाळी काय झालं हे मला तिच्याकडूनच कळलं, फार पुढे, ती मोठी झाल्यावर.

बापाने तिच्यासाठी ऑम्लेट केलं होतं. ती अर्ध्यावर आल्यावर त्याने विचारलं, "मत्स्यालयात सगळ्यात मोठा मासा कुठला होता गं?"

तिने सांगितलं. शार्क. काच किती जाड, ते सांगितलं. माशांना जेवण द्यायला माणूस टाकीत उतरतो, ते सांगितलं. बाप मान डोलवत होता, "बरं, मग?" करत होता. त्याने तिला शेवटपर्यंत बोलू दिलं. तिला वाटलं, आज बाबा गप्प नाहीत, ऐकतायत. म्हणून तिने उत्साहाने आणखी दोन मासे घातले.

मग तो म्हणाला, "दोन वर्षांपासून बंद आहे ते. मी स्वतः बघून आलोय. नाव ठकी ठेवलं, तर बापालाच ठकवायला लागलीस?"

 मग त्याने तिच्यासमोर आईला फोन लावला, आवाज मोठा करून. म्हणाला, "तुझी मुलगी काय थापा मारते ऐक." आई तिकडून उसळली, "तुझ्याकडे दर खेपेला तारांगण दाखवतोस, मनोऱ्यावर नेतोस, बागेत नेतोस, आणि मला नावं ठेवतोस?" याने विचारलं, "कुठली बाग?" कारण त्या बागेत तो तिला कधी नेऊच शकला नव्हता. दर वेळी फोन आला होता, कुठली ना कुठली लिफ्ट अडकली होती. दोघं एकेक गोष्ट पडताळून बघायला लागली. कठपुतळ्या? नाही. दीपगृह? एकदाच, तेही बाहेरून. चक्रव्यूह? नाही. असं करत करत दहा मिनिटं दोघं नवराबायकोसारखी एकमेकांशी बोलली, आणि शेवटी आई म्हणाली, "इतकं खोटं ही शिकली कुठून?" बाप म्हणाला, "तेच मी विचारतोय."

वेगळं झाल्यापासून दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि ते पोरीविरुद्ध.

"मग तू काय केलंस?" मी तिला विचारलं होतं.

"ऑम्लेट संपवलं," ती म्हणाली. "टाकून दिलेलं बाबांना चालायचं नाही."

त्यानंतरच्या गुरुवारी अधीक्षकबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुठली बस? ठकी म्हणाली, "कुठलीच नाही. मी इथेच राहते." बाईंना वाटलं परीक्षा असेल. पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. कोर्टाने म्हटलं होतं मुलीच्या मनावर, आणि मुलीचं मन हे असं होतं. कुणाला काही करता येईना.

आता हातचं गेलं तेव्हा दोघंही धावली. रविवारी सकाळी बाप जायचा, दुपारी आई. भेटीच्या खोलीत चार खुर्च्या आणि एक टेबल. पोरगी वेणी घालून, नीटनेटकी होऊन यायची. कशी आहेस? बरी आहे. काय केलंस आठवडाभर? अभ्यास. काही हवंय? नको. बाप खिशातून नवीन कात्रण काढायचा, नदीवर आता पायी जायचा पूल झालाय, रात्री त्यावर दिवे लागतात. ती वाचायची, घडी करून परत द्यायची. "छान आहे," म्हणायची. एकदा त्याने विचारलं, "आईला काय सांगतेस माझ्याबद्दल?" ती म्हणाली, "तुम्ही आला होतात एवढंच." ते खरं होतं. त्या दिवसानंतर ती खोटं कधीच बोलली नाही. बोलायला लागेल इतकं काही सांगितलंच नाही.

पुढची सहा वर्षं अशी गेली. वर्षभराने कधीतरी ओळंबा पुन्हा माझ्याशी बोलायला लागला. रविवारच्या भेटीहून आला की सोमवारी माझ्या टेबलापाशी रेंगाळायचा. एकदा म्हणाला, "ताई, अडकलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येतं. पण ती अडकलेली नाहीच आहे. ती आरामात बसलीय आतून कडी लावून." मी म्हटलं, "मग दार वाजवू नकोस काही दिवस." तेही त्याला जमलं नाही. दर रविवारी जायचा तो जायचाच, कारण न जावं तर त्या दिवशी एकटी आईच जाऊन यायची.

शाळा संपल्यावर ठकी दोन्ही शहरांपासून दूर, तिसऱ्याच ठिकाणी शिकायला गेली. बियाण्यांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. भेटली तेव्हा तिने मला कामाचं समजावून सांगितलं: ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, आठवड्याने किती उगवल्या ते बघायचं. कामात खूश आहे. आईबापांना महिन्यातून एकदा फोन करते, दोघांना एकाच दिवशी, दहा-दहा मिनिटं. त्यातही तिने पक्षपात केला नाही.

दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली. आजार जुना होता, लपवून ठेवलेला. ओळंबा तिकडे गेला होता. पोरीने सगळं व्यवस्थित केलं, बापाला जेवला का विचारलं, बसमध्ये बसवून दिलं.  परत आल्यावर पाचव्या दिवशी त्याने रंगारी बोलावला. घराची पुढची खोली रंगवून घेतली, नवीन पलंग आणला, खिडकीला पडदे. मी बघायला गेले तेव्हा प्लास्टिकचं वेष्टन अजून गादीवर होतं.

"आता येईल ती," तो म्हणाला. "आता कुणाकडे जायचं हा प्रश्नच नाही ना."

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. बाई जाऊन महिना झाला नव्हता आणि हा अजून स्पर्धेतच होता. समोर कुणी नसलेल्या स्पर्धेत. माझ्या तोंडाशी आलं होतं, पण गादीकडे बघून मी गिळलं.

त्याने माझ्यासमोरच तिला फोन केला. म्हणाला, "ठकी, खोली तयार आहे. शनिवार-रविवार ये ना. कुठे न्यायचं नाही, काही दाखवायचं नाही. मी काही विचारणारसुद्धा नाही."

आवाज मोठा केलेला नव्हता, पण खोली रिकामी असल्यामुळे तिचं बोलणं मला ऐकू आलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"बाबा, आठवडाभर काम असतं. शनिवार-रविवारी मला माझ्या घरी राहायला आवडतं. तुम्ही तब्येत सांभाळा."

"मग मी येऊ तिकडे?"

 "कळवते," म्हणाली.

तिने कळवलं नाही. त्यानेही पुन्हा विचारलं नाही. ही एक गोष्ट तो आयुष्यात उशिरा शिकला.

मी आता निवृत्त झाले. तक्रारींचे फोन कुठल्याशा दूरच्या केंद्रात जातात. तिथली मुलगी पत्ता विचारते, पण आतल्या माणसाला दमा आहे का ते विचारत नाही. ओळंबा अजून कामावर आहे. पाठ थोडी वाकलीय, पण नाव तेच. पुढच्या खोलीत तो हत्यारं आणि जुने ब्रेक ठेवतो. पलंग शेजाऱ्यांच्या सुनेला दिला, तिचं बाळंतपण होतं. शनिवार-रविवारची ड्यूटी कुणालाच नको असते. हा दर महिन्याला स्वतः मागून घेतो, आणि तरुण मिस्त्री त्याला दुवा देतात. बदल्यात त्याला सोमवारी सुट्टी मिळते. सोमवारी सगळं जग कामाला गेलेलं असतं, त्यामुळे कुणी येईल म्हणून वाट बघायचा प्रश्न येत नाही.

मागच्या सोमवारी मी त्याच्याकडे गेले होते. त्याने चहा केला. दोघांनी प्यायला. मी निघाले तेव्हा तो म्हणाला, "जिना उतरून जा ताई, लिफ्टचा दरवाजा आज नीट लागत नाहीये." मी म्हटलं, "मग दुरुस्त कर की." तो म्हणाला, "आज सुट्टी आहे."